हद्दीवरच्या कामाला पैसा कोण देणार?

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

आमचे घर ठाण्याच्या हद्दीत आहे आणि महाविद्यालय मुंबईच्या हद्दीत. सकाळी घरातून निघून मुलुंडचा चेकनाका ओलांडला की मी एका महापालिकेतून दुसऱ्या महापालिकेत येते. रस्ता तोच, दुकाने तशीच, धूळही तीच. कमानीवरचे नाव तेवढे बदलते. आमच्या घरातून महाविद्यालयात येणारी मी पहिलीच. त्यामुळे ही हद्द मी रोज ओलांडत असले, तरी तिच्याकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहावे असे कधी मनात आले नव्हते.

गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला स्थानिक स्वराज्य संस्थांच्या उत्पन्नाचा भाग चालला होता. सर बोलता बोलता म्हणाले, “स्थानिक संस्थेचा पैसा तिच्या हद्दीपाशी थांबतो.” तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळत राहिला. पैसा हद्दीपाशी थांबतो, पण पाणी, धूर, कचरा आणि माणसे थांबत नाहीत. मग दोन संस्थांच्या हद्दीवर जे काम असते, त्याला पैसा कोण देणार? प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा यथाशक्ती विचार केला आहे.

हद्द आणि उत्पन्न

मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा आहे. मुलुंड आणि दहिसर ही उपनगरे १९५७ साली तिच्या हद्दीत आली व मुंबईची आजची वेस ठरली. त्या वेळी वेशीपलीकडे एकही महापालिका नव्हती. ठाणे महापालिका १९८२ साली स्थापन झाली, नवी मुंबईची १९९२ साली आणि मिरा-भाईंदरची २००२ साली. म्हणजे ज्या हद्दीच्या पलीकडे एके काळी लहान गावे व नगरपालिका होत्या, तिथे आता मोठमोठ्या महापालिका उभ्या आहेत. शेजारी मोठे झाले, पण शेजारधर्माचे नियम मात्र कोणी लिहून ठेवले नाहीत.

पूर्वी हद्द हे उत्पन्नाचे साधन होते. शहरात वापरासाठी वा विक्रीसाठी येणाऱ्या मालावर जकात घेतली जाई. मुलुंड, ऐरोली, मानखुर्द व दहिसर येथील नाक्यांवर मालमोटारी थांबत. माझे वडील तेव्हा एका टेम्पोवर क्लीनर होते. भिवंडीच्या गोदामातून माल भरून निघाले की पावती फाटेपर्यंत टेम्पोतच डुलकी काढायची, अशी त्यांची रात्रपाळी असे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात बंद झाली. बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई म्हणून राज्य शासनाने कायदा करून महापालिकांना अनुदान सुरू केले. मुंबई महापालिकेला त्याचा पहिला हप्ता सुमारे ६४७ कोटी रुपयांचा मिळाला. ह्या भरपाईत दर वर्षी आठ टक्के वाढ धरलेली आहे.

ह्या घटनेतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. हद्दीवरचा अडथळा नुसत्या उपदेशाने दूर झाला नाही. ज्याचे उत्पन्न बुडणार होते त्याला अनुदानाची हमी मिळाली, म्हणून तो दूर होणे सोपे झाले. परंतु हे अनुदान प्रत्येक संस्थेला वेगवेगळे मिळते. त्यातून नाका उठला. मात्र दोन शेजाऱ्यांनी एकत्र बसून काही करावे, असे त्यात काहीच नाही.

पाणी हद्द मानीत नाही

मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांपैकी विहार आणि तुळशी हे दोनच मुंबईच्या हद्दीत आहेत. बाकीचे पाच, म्हणजे तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा आणि भातसा, हे ठाणे, पालघर व नाशिक जिल्ह्यांत पसरले आहेत. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला येत आहे. मुंबईच्या रोजच्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे एकट्या भातसा प्रकल्पातून येते. उलट, मुंबई महापालिका आपल्या पाण्यातला काही भाग ठाणे व भिवंडी शहरांना आणि जलवाहिनीलगतच्या काही गावांना देते. मुंबईत पाणीकपात झाली की ती ह्यांनाही लागू होते. तेव्हा कागदावर हद्दी वेगळ्या असल्या, तरी नळ एकमेकांत गुंतलेले आहेत.

शेजाऱ्यांनी मिळून काम केल्याचे एक चांगले उदाहरण आपल्या जवळच आहे. शहाड येथे उल्हास नदीतून पाणी उचलून टेमघर येथे शुद्ध करणारी ‘स्टेम’ ही संस्था पुष्कळांना नावाने माहीत असते. पण ती कोणाची, हे थोड्यांनाच माहीत असते. शहाड आणि टेमघर ह्या नावांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. ठाणे, भिवंडी-निजामपूर व मिरा-भाईंदर ह्या तीन महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद अशा चार स्थानिक संस्थांची ही संयुक्त कंपनी आहे. शहरे आणि ग्रामीण भाग एका संस्थेत भागीदार आहेत, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

तिळारीचा हिशेब

दोन राज्यांमधला असा व्यवहार पाहायचा असेल तर सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात जावे लागेल. तेथील तिळारी प्रकल्प महाराष्ट्र आणि गोवा ह्यांचा संयुक्त प्रकल्प आहे. धरण महाराष्ट्रात, परंतु पाण्याचा मोठा लाभ गोव्याला. म्हणून १९९० च्या करारात खर्चाची वाटणी लाभाच्या प्रमाणात ठरली. गोव्याने ७३.३० टक्के भार उचलावा व महाराष्ट्राने २६.७० टक्के. ज्याच्या जमिनीत धरण त्यानेच खर्च करावा, असे म्हटले असते तर धरण झालेच नसते. ज्याला जितका लाभ त्याने तितका भार घ्यावा, हे तत्त्व कोणत्याही संयुक्त कामाचा पाया ठरू शकते. अर्थात, ज्यांची गावे पाण्याखाली गेली त्यांचा हिशेब टक्केवारीत मांडता येत नाही, हेही विसरता कामा नये.

युरोपातील प्रयोग

स्थानिक संस्थांनी सीमा ओलांडून सहकार्य करावे म्हणून मुद्दाम अनुदान देण्याची पद्धत युरोपात चांगलीच रुजली आहे. जर्मनी व नेदरलँड्स ह्यांच्या सीमेवरील नगरपालिकांनी १९५८ सालीच ‘युरेजिओ’ नावाची संघटना उभी केली. दुसऱ्या महायुद्धाला तेव्हा जेमतेम तेरा वर्षे झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या पावलाचे मोल कळते. १९८० साली माद्रिद येथे युरोप परिषदेने अशा सहकार्याचा करार खुला केला. त्याने संस्थांना एकमेकींशी बोलण्याचा मार्ग मिळाला. पैसा मात्र आला तो १९९० साली, ‘इंटररेग’ ह्या योजनेतून.

ह्या योजनेची खरी करामत तिच्या अटींत आहे. एकट्या संस्थेला सहसा अनुदान मिळत नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंचे भागीदार लागतात. प्रकल्प दोघांनी मिळून आखायचा व मिळून राबवायचा. शिवाय कर्मचारी किंवा पैसा ह्यांतही सहभाग दाखवायचा. भागीदारांपैकी एक अग्रणी असतो आणि हिशेबाची जबाबदारी त्याच्यावर असते. सगळा खर्च युरोपीय संघ देत नाही. काही वाटा भागीदारांना स्वतः उभा करावा लागतो, म्हणजे फुकटचे म्हणून कोणी उधळीत नाही.

फ्रान्स व स्पेन ह्यांच्या सीमेवर पिरेनीज पर्वतात सर्दान्या नावाचे पठार आहे. १६५९ च्या तहाने त्याचे दोन तुकडे झाले. फ्रान्सच्या बाजूच्या रुग्णाला मोठ्या इस्पितळासाठी सुमारे शंभर किलोमीटर डोंगर उतरून जावे लागे. अखेर दोन्ही बाजूंनी मिळून स्पेनच्या हद्दीत एक रुग्णालय बांधले. बांधकामाचा मोठा वाटा युरोपीय निधीने उचलला आणि २०१४ साली ते सुरू झाले. आज दोन देशांचे रुग्ण एकाच दारातून आत जातात.

आपल्याकडील पावले

आपल्याकडे काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुंबई महानगर प्रदेशाचा एकत्र विचार व्हावा म्हणून १९७५ साली प्राधिकरण स्थापन झाले. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने कलम २४३ झेडई आणले. त्यात महानगर नियोजन समितीची तरतूद असून तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांचे निवडून आलेले सदस्य व पंचायतींचे अध्यक्ष ह्यांनी आपल्यातून निवडायचे असतात. म्हणजे शहर आणि गाव एका टेबलाशी बसावेत, हे घटनेलाच अभिप्रेत आहे.

अनुदानाच्या बाबतीत पंधराव्या वित्त आयोगाने एक नवे पाऊल टाकले. २०२१ ते २०२६ ह्या पाच वर्षांसाठी त्याने दहा लाखांवरील लोकवस्तीच्या शहरांकरिता ३८,१९६ कोटी रुपयांचा निधी सुचविला. त्यापैकी १२,१३९ कोटी हवेच्या शुद्धतेसाठी आणि बाकीचे पाणी, स्वच्छता व घनकचरा ह्यांसाठी होते. विशेष म्हणजे जिथे अनेक शहरे एकमेकांना चिकटली आहेत तिथे सबंध नागरी समूह हा एक घटक धरावा आणि एका संस्थेला समन्वयाची जबाबदारी द्यावी, असे आयोगाने म्हटले. २०११ च्या जनगणनेत मुंबईच्या नागरी समूहाची लोकसंख्या १ कोटी ८४ लाख आहे व त्यात ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मिरा-भाईंदर इत्यादी शहरे येतात. कल्याणचा धूर मुलुंडला येतो आणि मुलुंडचा ठाण्याला जातो, हे सरकारी हिशेबाने प्रथमच मान्य केले, असे म्हणायला हरकत नाही.

तरीही एक उणीव राहते. नागरी समूहात शहरे येतात. धरणाकाठची गावे येत नाहीत. ग्रामपंचायतींना वित्त आयोगाचे अनुदान वेगळे मिळते. राज्याराज्यांत त्याची वाटणी करताना लोकसंख्येला ९० टक्के व क्षेत्रफळाला १० टक्के वजन दिले होते. डोकी मोजली, जमीन मोजली. पण कोणाच्या रानातून कोणाच्या घरी पाणी जाते, हे मोजणारा रकाना त्यात नाही.

माझ्या आईचे माहेर शहापूर तालुक्यात आहे. तानसा आणि भातसा त्याच तालुक्यातले. मे महिन्यात मामाकडे गेले की सकाळी टँकर कधी येतो ह्याची चौकशी होते, आणि चार दिवसांनी घरी परत आले की नळाला पाणी असते. ह्यात कोणा एका कार्यालयाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. प्रत्येक जण आपल्या हद्दीतले काम करीत असतो. अडचण हीच आहे की दोन हद्दींमधले काम कोणाचेच नसते.

समारोप

वरील उदाहरणांवरून मला तीन गोष्टी सुचतात. अनुदानाचा एक भाग, लहान का होईना, असा राखून ठेवावा की जो दोन शेजारी संस्थांनी मिळून अर्ज केल्याशिवाय कोणालाच मिळणार नाही. खर्चाची वाटणी तिळारीप्रमाणे लाभाच्या प्रमाणात व्हावी. आणि ‘स्टेम’मध्ये जिल्हा परिषद भागीदार आहे, त्याप्रमाणे ग्रामपंचायतीची सहीसुद्धा अशा अर्जावर असावी, कारण लहान शेजाऱ्याच्या सहीशिवाय होणारे सहकार्य हे खरे तर मोठ्याची सोयच असते.

हा लेख लिहिताना मी वडिलांना विचारले, “नाका बंद झाला तेव्हा तुम्हांला काय वाटले?” ते म्हणाले, “रात्रीची झोप घरी मिळू लागली.” इतक्या मोठ्या कायद्याचा आमच्या घरापुरता अर्थ एवढाच होता, आणि तो काही लहान नव्हता. उद्या शेजाऱ्यांसाठी असे एखादे अनुदान निघाले आणि मामाच्या गावी मे महिन्यात विहिरीवर न जाता नळ सोडता आला, तर त्याही कायद्याचा अर्थ आमच्या घरात सर्वांना न शिकवता कळेल.