विल्ट चेंबरलेन यांचा १९६१-६२ चा हंगाम

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलचा सामना ४८ मिनिटांचा असतो. मग एखादा खेळाडू हंगामभर सामन्यामागे सरासरी ४८.५ मिनिटे कसा खेळू शकेल? फिलाडेल्फिया वॉरियर्सचे विल्ट चेंबरलेन यांच्या १९६१-६२ च्या नोंदीत हाच आकडा आढळतो. गुण समसमान झाल्यास पाच मिनिटांचा जादा खेळ होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे कोडे सुटते. ऐंशी सामन्यांत ते केवळ आठ मिनिटे मैदानाबाहेर राहिले, आणि तीही पंचांनी त्यांना बाहेर काढले म्हणून.

लोकांच्या स्मरणात मात्र वेगळा आकडा आहे. त्या हंगामात त्यांनी ४,०२९ गुण मिळविले, सामन्यामागे ५०.४. एका हंगामात तीन हजारांचा टप्पा ओलांडणारे दुसरे खेळाडू एकटे मायकेल जॉर्डन होत (१९८६-८७, ३,०४१ गुण). सात फूट एक इंच उंची हे या यशाचे एक कारण खरे; परंतु त्या काळी खेळ अतिशय वेगाने चाले, बास्केटकडे चेंडू फार वेळा फेकला जाई, आणि चेंडू चेंबरलेन यांच्याच हाती द्यावा असे प्रशिक्षक फ्रँक मॅग्वायर यांचे धोरण होते, हेही विसरता येत नाही.

२ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनियातील हर्शी या गावी न्यूयॉर्क निक्सविरुद्ध त्यांनी एकट्याने १०० गुण केले. प्रेक्षक अवघे ४,१२४. दूरदर्शनवर प्रक्षेपणही नव्हते. वॉरियर्सनी सामना १६९-१४७ असा जिंकला. अखेरच्या काही मिनिटांत निक्स इतरांवर मुद्दाम नियमभंग करू लागले, म्हणजे चेंडू चेंबरलेनपर्यंत पोहोचू नये. आणि चेंडू लवकर परत मिळावा म्हणून वॉरियर्सही तेच करू लागले. खरे पाहता तेवढा वेळ बास्केटबॉल बाजूलाच राहिला होता. अधिक नवलाची गोष्ट मुक्त फेकींची. हा त्यांच्या खेळातील कायमचा दुबळा भाग. त्या रात्री मात्र ३२ पैकी २८ फेकी साधल्या. त्या काळात ते दोन्ही हातांनी खालून चेंडू फेकीत. ही पद्धत बायकी दिसते म्हणून त्यांनी पुढे ती सोडून दिली!

एवढे होऊनही हंगामातील सर्वांत मोलाच्या खेळाडूचा मान बोस्टन सेल्टिक्सच्या बिल रसेल यांना मिळाला. रसेल यांची सरासरी १८.९ गुणांची होती. हा निर्णय मात्र कोणा वृत्तपत्रकारांचा नव्हता; त्या काळी यासाठी खेळाडूच मते देत. बोस्टनने ८० पैकी ६० सामने जिंकले होते, फिलाडेल्फियाने ४९. रसेल यांचे सामर्थ्य बचावात होते, आणि त्याची नोंद ठेवण्याजोगा आकडाच तेव्हा नव्हता. प्रतिस्पर्ध्याच्या अडविलेल्या फेकी त्या काळी कोणी मोजीत नसे.

पूर्व विभागाच्या अंतिम मालिकेत हे दोन संघ सात सामने झुंजले. सातव्या सामन्यात अखेरच्या क्षणी सॅम जोन्स यांनी चेंडू बास्केटमध्ये टाकला आणि बोस्टनने तो १०९-१०७ असा जिंकला. चेंबरलेन यांना विजेतेपदासाठी १९६७ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी त्यांची सरासरी २४.१ गुणांची होती.