चौफुलीजवळ उभे असलेले वाहन ओलांडताना

उसाने भरलेली ट्रॉली कारखान्याकडे नेताना चौफुलीच्या अलीकडे एखादे वाहन उभे असलेले पुष्कळदा आढळते. अशा वेळी प्रथम जाण्याचा अधिकार कोणाचा?

अडथळा ज्याच्या बाजूस असेल, त्याने थांबावे. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. डावीकडील उभ्या वाहनास वळसा घालताना आपण समोरून येणाऱ्याच्या बाजूस शिरतो. म्हणून त्यास आधी जाऊ द्यावे.

चौफुलीजवळ धोका दुणावतो. उभ्या वाहनाच्या आडोशामुळे डावीकडील फाट्यावरून येणाऱ्यास आपण दिसत नाही व आपणांसही तो दिसत नाही. हमरस्त्यावरील वाहनास अग्रक्रम असला, तरी ज्यास आपण दिसतच नाही, तो आपणांस वाट कशी देणार?

भरलेली ट्रॉली चटकन थांबत नाही. यास्तव वेग आगाऊ कमी करावा. उभ्या वाहनाच्या बरेच मागे थांबून उजवीकडे वळण्याची खूण करावी व रस्ता मोकळा दिसल्यावरच सावकाश पुढे जावे. वळताना ट्रॉलीची मागील चाके आतल्या अंगास ओढली जातात. तेव्हा लगेच डावीकडे येऊ नये.

आपली ट्रॉलीही चौफुलीजवळ उभी करू नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गळीत हंगामापूर्वी चालकांना हे प्रत्यक्ष रस्त्यावर दाखवून द्यावे.