नजर चुकवली म्हणजे खोटं बोलला का?



'माझ्याकडं बघून बोल!' हे वाक्य आपल्यापैकी कुणी वापरलं नाही? वर्गात कुणाचे तरी सहलीचे पैसे हरवतात, संशय एकावर येतो, आपण त्याला टेबलाजवळ बोलावतो. पोरगं फरशीकडं बघत पुटपुटतं, 'मी न्हाई घेतलं सर.' झालं! नजर चुकवली, म्हणजे यानंच घेतले. मधल्या सुट्टीपर्यंत ही बातमी शाळाभर आणि संध्याकाळी गल्लीत.

त्यात आता मोबाईलवर 'खोटं ओळखण्याच्या खुणा' फिरत असतात. डोळे वर उजवीकडे गेले तर मनानं रचतोय, डावीकडे गेले तर आठवून सांगतोय, नाकाला हात लावला तर नक्कीच थापा. यातली डोळ्यांची गोष्ट कुठून आली ते बघा. १९७० च्या दशकात अमेरिकेत रिचर्ड बँडलर आणि जॉन ग्राइंडर यांनी एक विचारपद्धती मांडली. डोळ्यांच्या दिशेवरून माणूस आठवतोय की कल्पना करतोय ते कळतं, असं त्यात होतं. पुढे लोकांनी त्याला खऱ्याखोट्याची कसोटी करून टाकलं. २०१२ साली रिचर्ड वाइजमन या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत हे तपासलं. खरं आणि खोटं बोलणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचालींत फरक सापडला नाही. ही युक्ती आधी शिकवलेल्या लोकांनाही खोटं जास्त ओळखता आलं नाही.

मग नुसत्या बघण्या-ऐकण्यावरून आपल्याला ओळखता येतं तरी किती? बाँड आणि डीपॉलो या संशोधकांनी २००६ मध्ये अशा अनेक प्रयोगांची एकत्र मांडणी केली. चोवीस हजारांहून अधिक लोकांचे अंदाज त्यात होते. बरोबर निघाले ते सरासरी ५४ टक्के. नाणं उडवलं तरी ५० टक्के बरोबर येतात! 'वीस वर्षं पोरं शिकवतोय, चेहरा बघून सांगतो' असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आता आपल्या भागाचं बोलू. आपल्याकडं मोठ्यांच्या डोळ्याला डोळा लावून बोलणं म्हणजे उद्धटपणा. 'वर तोंड करून काय बोलतोस' असं घरी ऐकत वाढलेलं मूल शाळेत मान खाली घालतं. घरी तोच संस्कार, शाळेत तोच पुरावा! दुसरं, गडहिंग्लजच्या पूर्वेला संकेश्वरच्या बाजूला गेलात की कितीतरी घरांत कन्नड बोलतात. त्या घरातलं मूल मराठीत उत्तर देताना शब्द शोधतं, थांबतं, छताकडं बघतं. विचार करताना नजर दुसरीकडं नेणं तर सगळ्याच मुलांचं असतं. प्रश्न अवघड झाला की मुलं जास्त वेळ दुसरीकडं बघतात, हे प्रयोगांतही दिसलं आहे. तोंडी परीक्षेत आपण रोज बघतो ते. पण चोरीच्या चौकशीत नेमकं विसरतो.

'खाई त्याला खवखवे' ही म्हण खरी असेलही. पण आळ आलेल्या निर्दोष पोरालाही खवखवतंच की! छातीत धडधड, घशाला कोरड ही भीतीची लक्षणं आहेत, खोटेपणाची नव्हेत. यंत्रांचीही हीच अडचण. पॉलिग्राफ श्वास, नाडी, रक्तदाब, घाम मोजतो. खोटं मोजत नाही. २०१० च्या सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, ब्रेन मॅपिंग आणि पॉलिग्राफ संमतीशिवाय करता येणार नाहीत असा निकाल दिला. संशयित आरोपीला एवढं संरक्षण, आणि पाचवीतल्या पोराचा निकाल आपण पापण्यांवरून लावायचा?

मग करायचं काय? चेहरा सोडा, हकीकत धरा. एकट्याला बोलवा, वर्गासमोर नको. 'तूच घेतलेस ना?' असं विचारलं की 'हो' किंवा 'न्हाई' एवढंच मिळतं. त्याऐवजी 'प्रार्थना झाल्यापासून काय काय केलंस ते सांग' म्हणा आणि मध्ये तोडू नका. मग सांगितलेलं पडताळून बघा: शेजारी कोण होतं, नळावर कोण भेटलं, पैसे दप्तरात होते की कंपासपेटीत. मुळात ते घरून आणले होते का, हेही फोन करून विचारा. आपणच एखादी गोष्ट सुचवायची आणि मुलानं भीतीनं 'हो' म्हणायचं, असं होऊ देऊ नका. घाबरवून मिळवलेला कबुलीजबाब काही कामाचा नाही. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळालाही मनाई करतं.

पालकांसाठी एक गंमतीची गोष्ट. 'लांडगा आला रे आला' आपण सगळ्यांनी सांगितलेली. कांग ली, व्हिक्टोरिया तलवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांना अशा गोष्टी ऐकवल्या. मागं वळून खेळणं बघायचं नाही असं आधी बजावलेलं, बहुतेकांनी बघितलं. मग गोष्ट ऐकवून विचारलं, बघितलंस का? लांडग्याच्या गोष्टीनं खरं बोलणारी मुलं वाढली नाहीत. वाढली ती जॉर्ज वॉशिंग्टननं चेरीचं झाड तोडल्याचं कबूल केलं आणि वडिलांनी कौतुक केलं, त्या गोष्टीनं. ती गोष्टसुद्धा दंतकथा आहे म्हणे, ते एक असो! तिचा शेवट बदलून खोटं बोलल्याची शिक्षा दाखवली, तर परिणाम गेला. याच दोघांनी २०११ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांची तुलना केली होती. कडक शिक्षेच्या शाळेतली तीन-चार वर्षांची मुलं खोटं जास्त बोलत होती आणि ते जास्त सफाईनं निभावतही होती.

म्हणून घरी कपबशी फुटली आणि पोरानं आपणहून सांगितलं, तर आधी 'सांगितलंस ते बरं केलंस' म्हणा. काचा मग दोघं मिळून गोळा करा.