कुत्रा आपला, घाणही आपलीच

कुत्रा पाळणे म्हणजे त्याला नुसती भाकरी घालणे नव्हे. त्याची घाण उचलणे हेही मालकाचेच काम. मुंबई महानगरपालिकेच्या २००६ सालच्या नियमांत, पाळीव कुत्र्याने रस्त्यावर केलेली घाण न उचलणाऱ्या मालकाला ५०० रुपये दंड ठेवला होता. दंड मालकालाच, कारण कुत्र्याला नियम कुठं वाचता येतो!

कुत्र्याच्या विष्ठेत जंतांची अंडी असू शकतात. ती मातीत महिनोन् महिने टिकतात. मातीचे हात तोंडात गेले की अंडी पोटात जातात. कधी डोळ्यालाही इजा होते.

गावात पावती फाडायला कोणी येत नसेल, पण अंगणवाडीची पोरं त्याच मातीत खेळतात. म्हणून मी आमच्या मोत्याची घाण फावड्याने उचलतो, विहिरीपासून लांब खड्ड्यात पुरतो आणि साबणाने हात धुतो. मित्रांनो, तुम्हीही असेच करा.