कारकीर्द बदलण्यापूर्वी कौशल्यांचा ताळेबंद

सन २०००-०१ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील बहुतेक बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना राबविली. वयाची ४० वर्षे किंवा सेवेची १५ वर्षे पूर्ण केलेल्यांना ती खुली होती. सुमारे एक लाख कर्मचाऱ्यांनी तिचा स्वीकार केला. अशा वळणावर हाती येणाऱ्या रकमेचा हिशेब प्रत्येकजण करतो. परंतु आपल्या अंगी असलेल्या कौशल्यांचा हिशेब बहुधा राहूनच जातो. कारकीर्दीत बदल करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने, मग तो बँक कर्मचारी असो वा ग्राहक, हा दुसरा हिशेबही मांडणे हिताचे ठरते.

खुर्चीचे काय, स्वतःचे काय?

‘आपल्याला काय येते?’ या प्रश्नाचे उत्तर अनेकजण पदनामाने देतात. वास्तविक पद, सहीचे अधिकार आणि संस्थेचे नाव ही खुर्चीची मालमत्ता होय. रोखपालाने नोकरी सोडली की काउंटर आणि तिजोरीची किल्ली मागे राहते. मात्र गर्दीतही रक्कम अचूक मोजणे, बनावट नोट ओळखणे आणि संतापलेल्या ग्राहकाशी शांतपणे बोलणे, ही कौशल्ये त्याच्याबरोबर जातात. कर्जविभागातील अधिकाऱ्यास छोट्या व्यापाऱ्याच्या वह्या वाचून त्याची परतफेडीची क्षमता अजमावता येते. हे कौशल्य लेखा सल्लागारास, पतसंस्थेस किंवा लघुउद्योगासही उपयोगी पडते.

नोंद कशी करावी?

प्रथम गेल्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष केलेल्या कामांची यादी करावी. ‘संवादकौशल्य उत्तम’ असे मोघम न लिहिता ‘तीन नवीन सहकाऱ्यांना काम शिकविले’, ‘थकीत हप्ते वसूल केले’ असे लिहावे. प्रत्येक नोंदीसमोर पुरावा असावा. पुराव्याविना नोंद लेखापरीक्षणात टिकत नाही, तशी ती मुलाखतीतही टिकत नाही.

त्यानंतर घसारा विचारात घ्यावा. एकेकाळी सुवाच्य अक्षरात खातेवही लिहिणाऱ्यास शाखेत मान असे. संगणकीकरणानंतर त्या कौशल्याचे मोल घटले. पण दिवसअखेर हिशेब जुळल्याशिवाय न उठण्याची सवय आजही मोलाची आहे. कोणते कौशल्य झिजले व कोणते टिकले, हे प्रामाणिकपणे लिहावे. नव्या क्षेत्रास जे लागते आणि आपल्यापाशी नाही, ते ‘देणे’ या बाजूस मांडावे.

इतरांच्या नजरेतून

१९५५ साली जोसेफ लुफ्ट व हॅरिंग्टन इंगहॅम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ‘जोहरी खिडकी’ ही संकल्पना मांडली. तिच्या चार कप्प्यांपैकी एकात असे गुणदोष येतात, जे इतरांना दिसतात पण स्वतःला दिसत नाहीत. म्हणून दोन सहकारी आणि घरातील एक स्पष्टवक्ती व्यक्ती यांना आपली यादी दाखवावी. त्यांनी खोडलेली नोंद आणि नव्याने घातलेली नोंद, दोन्ही सारख्याच महत्त्वाच्या असतात.

आधी चाचणी, मग राजीनामा

नवे काम सुटीच्या दिवशी, लहान प्रमाणावर, नोकरीचे नियम सांभाळून करून पाहावे. ग्रामीण भागातील तरुणांना बँकांच्या पुढाकाराने चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत विनामूल्य प्रशिक्षण मिळते. १९८२ साली कर्नाटकातील उजिरे येथे सुरू झालेल्या संस्थेच्या धर्तीवर त्या उभ्या राहिल्या आहेत. तसेच किमान सहा महिन्यांचा घरखर्च आणि कर्जाचे हप्ते यांची तरतूद आधीच केलेली असावी. कारण नव्या कौशल्याचे उत्पन्न सुरू होण्यास वेळ लागतो, हप्त्याची तारीख मात्र थांबत नाही.

ताळेबंद पूर्ण झाल्यावर काहींना नवी वाट स्पष्ट दिसेल, तर काहींना त्याच संस्थेतील दुसरा विभाग अधिक योग्य वाटेल. दोन्ही निर्णय सारखेच योग्य आहेत, फक्त ते कंटाळ्यापोटी न घेता हिशेब मांडून घेतलेले असावेत.