चुंबळ, कवटी आणि हेल्मेट
(द्वितीय वर्ष, कला)

'माथाडी' हा शब्द माथ्यावरून आला, आणि १९६९ च्या कायद्याने तो आपल्या नावातही घेतला. माझे वडील तुर्भ्याच्या घाऊक बाजारात याच कामावर आहेत. डोक्यावर कापडाची चुंबळ, तिच्यावर ५० किलोची गोणी. एवढ्या ओझ्याखाली मेंदू दबत कसा नाही, हा प्रश्न कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही पडावा.

ओझे मेंदूपर्यंत पोहोचतच नाही. मेंदूभोवतीची आठ हाडे नागमोडी सांध्यांनी एकमेकांत गुंतून कमान तयार करतात. भार तिच्यावरून मानेच्या मणक्यांत उतरतो. (झिजते ती मान, पण तो निराळा विषय.) कवटीच्या आत तीन आवरणे असतात. बाहेरचे जाड नि चिवट, मधले कोळ्याच्या जाळ्यासारखे, आतले मेंदूला चिकटलेले. आतल्या दोहोंमध्ये पाण्यासारखा द्रव खेळतो. मेंदू व मज्जारज्जूभोवती मिळून तो जेमतेम १५० मिलिलिटर असतो; पण शरीर रोज सुमारे अर्धा लिटर नवा तयार करते आणि जुना रक्तात परत जातो. सुमारे १४०० ग्रॅमचा मेंदू या द्रवात तरंगतो, तेव्हा त्याचे वजन जणू ५० ग्रॅमच उरते. शरीराने मेंदूला दिलेली खरी चुंबळ ही!

मात्र ही व्यवस्था चालण्या-धावण्याच्या, ठेच लागण्याच्या वेगासाठी आहे. पामबीच मार्गावर दुचाकी घसरली, की डोके रस्त्यावर आपटून थांबते. मेंदू थांबत नाही. गोटा नारळ हलवला की आतले खोबरे कवचावर आदळते, तसा तो कवटीवर आदळतो. रक्तवाहिन्या फाटतात. साचलेल्या रक्ताला टणक कवटी जागा देत नाही, म्हणून दाब मेंदूवर येतो. म्हणजे जी भिंत राखण करीत होती तीच आता अडचण होते. उठून बोलणारा, चालणारा माणूसही काही तासांनी बेशुद्ध पडतो, तो यामुळेच. अपघातानंतर उलट्या वा गुंगी दिसली, तर "झोपू दे त्याला" म्हणू नये. तडक रुग्णालय गाठावे.

हेल्मेटचे मुख्य काम त्याच्या आतला थर्मोकोलसारखा थर करतो. तो चेपतो, त्यामुळे डोके थांबायला काही सहस्रांश सेकंद अधिक मिळतात आणि धक्का सौम्य होतो. पट्टा मोकळा असेल तर हेल्मेट डोक्याआधीच उडते; मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ मध्ये पट्ट्याचाही उल्लेख आहे तो उगीच नव्हे. आणि चेपलेला थर पुन्हा फुगत नाही. वरचा रंग शाबूत दिसला, तरी ते हेल्मेट बाद समजावे.