कार्यानुभवाचा तास कुणी पळवला?

छोटे, शाळा व्यवस्थापन समितीवर तुझं नाव आलं, फार बरं वाटलं. आता नुसती सह्या करायला जाऊ नकोस हं. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका घ्यायला लावल्यात, ते काही चहा-बिस्किटांसाठी नाही.

तू म्हणतेस, मुलांना जगायला उपयोगी पडेल असा एखादा नवीन विषय सुरू करायला लावते. तेवढं मात्र करू नकोस बाई! नवा विषय आला की पुस्तक येतं, मागोमाग गाईड येतं आणि पोरं 'स्वावलंबनाचे पाच फायदे लिहा' घोकत बसतात. वेळापत्रकात जे आहे तेच नीट होऊ दे.

व्याजाचंच बघ. द.सा.द.शे. ८ दराचं गणित तुझी लेक चुटकीसरशी सोडवते. पण गावातला सावकार द.सा.द.शे. बोलतो का? तो म्हणतो, "महिन्याला शेकडा तीन." तीन ऐकून काहीच वाटत नाही. वर्षाचे झाले ३६! दहा हजार वर्षभर वापरले तर नुसतं व्याजच ३६०० रुपये. बाईंना सांग, एक दिवस पुस्तक मिटा आणि बचत गटाचं एखादं पासबुक, नाव झाकून, वर्गात फिरवा. हप्त्यातलं मुद्दल किती, व्याज किती, पोरांनाच शोधू दे. त्याच तासाला हेही होऊन जाईल, की यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. "पैसे जमा करतो, पिन टाका" म्हणणारा चोरच. फसगत झालीच तर लगेच १९३० ला फोन. घरोघरी आजी-आजोबांचा मोबाइल नातवंडंच चालवतात, तेव्हा हे त्यांनाच आधी कळलेलं बरं.

आणि हात चालवायचं म्हणशील, तर पुणे जिल्ह्यातलं पाबळ आहेच की. डॉ. कलबाग यांनी मुंबईतली संशोधनाची नोकरी सोडून १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम काढला. त्यातून आठवी ते दहावीच्या मुलांसाठी एक अभ्यासक्रम उभा राहिला. आठवड्यातला एक दिवस मुलं वेल्डिंग, वायरिंग, माती तपासणं, स्वयंपाकघरातली कामं अशी खरी कामं करतात, तीही मुलं-मुली सगळी मिळून. मला हे मिळून करणं सगळ्यात आवडतं. नाहीतर शिवण मुलींना आणि करवत मुलांना, ही वाटणी आपल्या शाळांमधून अजून गेलेली नाही. गांधीजींनी वर्ध्याला १९३७ मध्ये कामातून शिक्षण द्यावं असं मांडलं, म्हणजे ही कल्पना काही कालची नव्हे.

एवढं सगळं तुमच्या शाळेला जमणार नाही, मान्य. पण कार्यानुभवाचा तास तर कागदावर आहे ना? परीक्षा जवळ आली की तो गणिताला जातो, नाहीतर इंग्रजीला. फ्यूज बदलणं, बँकेची स्लिप भरणं, तक्रारीचा अर्ज लिहिणं, ताप मोजणं, याला ना प्रयोगशाळा लागते ना निधी. गावातला वायरमन, आशाताई, पोस्टमन यांना एकेक दिवस बोलवा. नाही म्हणणार नाहीत.

तर पहिल्याच बैठकीत वेळापत्रक मागून घे. गेल्या महिन्यात कार्यानुभवाचे तास किती झाले आणि त्यात काय केलं, एवढंच विचार. तोंडी उत्तरावर उठू नकोस, इतिवृत्तात लिहून घे आणि मगच सही कर.